वक्ता घरात आहे

"आ गई बिटिया? बैठो," शेठजी म्हणाले, आणि कीर्ती सवयीने "बैठना नहीं है शेठजी, कुकर की रिंग दे दो बस," असं म्हणत पिशवीत हात घालून जुनी रिंग शोधू लागली. ती सापडल्यावर तिने मान वर केली. मल्हारगंजातल्या त्या अरुंद दुकानात शेठजींची खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर कुणाचंतरी हेल्मेट ठेवलेलं होतं, आणि वर, जिथे पूर्वी कॅलेंडर असायचं तिथे, शेठजींचा फोटो होता. फोटोला चंदनाचा हार. गल्ल्यावर बसलेला त्यांचा मुलगा तिच्याकडे बघून ओशाळवाणा हसला. "पापाजी तो दिवाली से पहले ही शांत हो गए, दीदी," तो म्हणाला. "ये बोलता है." त्याने बोट वर केलं. पत्र्याच्या डब्यांच्या उतरंडीशेजारी एक पिंजरा टांगला होता आणि त्यात एक हिरवा, मानेशी पिसं झडलेला पोपट दांडीवर चोच घासत होता. "हूबहू. मम्मी ने तो इसके मारे दुकान पे आना छोड़ दिया." पोपटाने चोच घासणं थांबवलं, मान तिरकी केली आणि पुन्हा म्हटलं, "आ गई बिटिया? बैठो." 'बैठो'च्या आधी शेठजींच्या घशात कफ अडकायचा, तोही होता. ज्या छातीतला तो कफ होता ती छाती आता नव्हती, पण अडकणं तसंच शिल्लक राहिलं होतं. रिंग घेऊन ती बाहेर पडली. गल्लीत ई-रिक्षा, हातगाड्या, एक उभी-आडवी घुसलेली स्कूटर. दुपारची वेळ, उन्हात पापड वाळत घातल्याचा वास. ती बडा गणपतीच्या चौकापर्यंत नेहमीसारखी चालत गेली आणि तिथे रस्ता ओलांडताना मध्येच थांबली. मागच्या मोटारसायकलवाल्याने "ओ दीदी, मरोगे क्या!" म्हणून ब्रेक दाबला, ते तिने ऐकलं आणि ऐकलं नाही. तिला एवढंच कळलं होतं की तो माणूस घरात नाही. कितीतरी दिवसांपासून तो त्या घरात नाही, आणि ती रोज लिहून देते आहे की तो आहे.

तो माणूस म्हणजे कोण, हे तिला सांगता आलं नसतं. ती ज्या ऑफिसात काम करायची ते रिंगरोडवरच्या एका काचेच्या इमारतीत होतं, आणि तिचं काम ऐकण्याचं होतं. हेडफोन लावून बसायचं, समोर आवाजाची फाइल यायची, खाली दोन प्रश्न असायचे. पहिला: नमुन्यात जो वक्ता आहे तोच हा वक्ता आहे का? दुसरा: वक्ता त्या जागी स्वतः हजर आहे, की आवाज यंत्रातून येतो आहे, म्हणजे टीव्ही, रेडिओ, फोन? दोन बटणं दाबायची आणि पुढची फाइल घ्यायची. यंत्राने आधीच आपलं मत दिलेलं असायचं. माणसांनी त्यावर शिक्कामोर्तब करायचं. प्रत्येक फाइल तिघांकडे जायची आणि दोघांचं जे मत पडेल ते खरं. भाषा कळायची नाही, कळूही नये अशीच माणसं घेतली होती. भाषा कळली की माणूस शब्द ऐकतो, आवाज ऐकत नाही, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. क्लायंटचं नाव कुणाला माहीत नव्हतं. पण टीव्ही सगळ्यांच्या घरी होता. एक मोठा, श्रीमंत देश युद्धात सापडलेल्या दुसऱ्या एका देशाला विमानं देत नव्हता, सैनिक देत नव्हता, फक्त कान देत होता; त्याने ऐकायचं आणि याने मारायचं, असा करार. दोन्ही देश एकमेकांपासून समुद्रांनी दूर, आणि इंदूरपासून तर इतके दूर की नकाशावर शोधताना बोट दोनदा घसरलं. त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी, एका कंपनीकडून दुसऱ्या आणि दुसरीकडून तिसऱ्या कंपनीकडे येत येत, ते आवाज तिच्या कानात येऊन पडत असावेत. असावेत. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं.

एक घर मात्र तिला पाठ झालं होतं. कुणाच्यातरी फोनमधून ते घर ऐकू यायचं. फोन बहुधा बाईचा, कारण कापडाचं घासणं आणि बांगडीसारखं काहीतरी किणकिणणं जवळ असायचं. आतल्या बाजूला किटली. एक दार, जे उघडताना गप्प आणि मिटताना कुरकुरणारं. एक लहान मूल, फरशीवर काहीतरी गोल घरंगळत सोडून त्याच्या मागे पळणारं. कीर्तीने मनाशी ठरवलं होतं की ती गोटी आहे. आणि तो माणूस. त्याचं एक वाक्य होतं, तीन आखूड शब्द आणि मग एक लांब, लाडात आल्यासारखा ओढलेला. ते वाक्य आलं की आतून बाई एका शब्दात उत्तर द्यायची आणि मूल हसायचं. आई गेल्यापासून कीर्तीच्या घरात ती आणि बाबा अशी दोघंच होती. बाबांचा एक कान गेलेला. जुन्या इंदूरमधल्या त्या दोन खोल्यांत संध्याकाळी नळाच्या थेंबाचाही आवाज मोठा वाटायचा. म्हणून असेल, पण ऑफिसात डबा खातानाही ती हेडफोन काढायची नाही. त्या घरातली किटली ऐकत ती पोळी-भाजी खायची. तिने त्या घरात सामान लावून टाकलं होतं. खिडकी पूर्वेला, मुलाचा पाळणा नव्हे, आता पलंगच. बाई थोडी लठ्ठ, पायांत सपाता. माणूस भला असावा. बाहेर कुठेतरी, नमुन्याच्या फाइलीत, तो पुष्कळ लोकांसमोर ओरडून बोलत होता, आणि त्या ओरडण्यात असं काहीतरी होतं की ज्याच्यामुळे दोन देशांना तो हवा होता. पण घरी तो एवढं एकच वाक्य म्हणायचा. तोच वक्ता: होय. जागेवर हजर: होय. तिची अचूकता सगळ्यांत वर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑफिसात पोचली आणि हेडफोन लावून त्या घराच्या सगळ्या जुन्या फाइली पहिल्यापासून ऐकत गेली. पहिल्या काही फाइलींत माणूस खूप बोलत होता. जांभई देत होता, खोकत होता, मुलावर खेकसत होता, फोनवर कुजबुजत होता. मग एका फाइलीत दार मिटल्याची कुरकुर, आणि बाई कितीतरी वेळ काहीच बोलत नाही. त्या फाइलीनंतर तो फक्त ते वाक्य म्हणतो. जांभई नाही, खोकला नाही, पावलंही नाहीत. हे तिने तेव्हा ऐकलं होतं, आता पुन्हा ऐकत होती, आणि तेव्हा ते कळलं नव्हतं याचं तिला नवल वाटलं. घर ऐकताना तिला त्याचं असणं हवं होतं, म्हणून तो तिथे होता. तिने ते वाक्य दोन वेगवेगळ्या फाइलींतून कापून स्क्रीनवर एकाखाली एक ठेवलं. आवाजाच्या रेघा एकमेकींवर सरकवल्या. डोंगरावर डोंगर, दरीवर दरी बसली. तिसऱ्या फाइलीतलं घेतलं. तेही बसलं. जिवंत माणूस आपलं स्वतःचं नावसुद्धा दोनदा सारखं घेत नाही. बाईचं उत्तर मात्र प्रत्येक वेळी वेगळं होतं. आधी थकलेलं, मग रागावलेलं, मग नुसताच हुंकार. एका फाइलीत वाक्य आल्यावर ती रडत होती. कीर्तीने त्या दिवशी 'नवरा-बायकोचं भांडण' असं मनाशी म्हणून बटण दाबलं होतं.

टीमलीडर देवदत्त तिच्याहून लहान होता, पण सगळ्यांना 'जी' लावायचा आणि कुणी रजेवर असलं की त्याच्या वाटच्या फाइली स्वतः करायचा. तिने त्याला खुर्चीवर बसवलं आणि रेघा दाखवल्या.

"तोता?" तो म्हणाला. "कीर्तीजी, तुम्ही पण ना."

"तोता का आणखी काय ते मला माहीत नाही. पण पक्षी आहे. माणूस असं बोलूच शकत नाही. लाइनीवर लाइन बसतेय, बघा ना."

"फाइल कॉपी झाली असेल. होतं असं."

"मागचे आवाज वेगळे आहेत. एकात मूल पळतंय, एकात पाणी पडतंय. वाक्य तेवढं तेच." तिला आपला आवाज चढल्याचं ऐकू आलं. "सर, तो माणूस निघून गेलाय. घरात बाई आहे आणि मूल आहे. आणि आपण रोज लिहितोय की तो आहे."

देवदत्तने हेडफोन कानाला लावला, काढला, पुन्हा लावला. "मला तर माणूसच वाटतोय. मशीनला पण वाटतोय. बाकी दोघांनी पण होय दिलंय. दो एक से, तुमचं मत तसंही कटणार."

"मग पक्षी असं कुठे लिहू?"

"तसा ऑप्शनच नाहीये." त्याने हेडफोन टेबलावर ठेवला. "तिकीट टाका, लेखी तक्रारीचं. क्लायंटला जाईल. आणि आज लवकर घरी जा. चेहरा कसा झालाय तुमचा."

तिने तिकीट टाकलं. इंग्रजीत, साध्या वाक्यांत, रेघांच्या चित्रासकट. उत्तर आलं की आपल्या बारकाईच्या निरीक्षणाबद्दल आभारी आहोत. खाली लिहिलं होतं, बंद. तिने दुसरं टाकलं. तेही आभार मानून बंद झालं.

सुटीच्या दिवशी बाबा दारात उन्हाला बसून मटार सोलत होते. बाबा, म्हणजे आनंदराव, महूला लष्कराच्या सिग्नल्समध्ये होते. उमेदीची वर्षं त्यांनी कुठल्याकुठल्या सीमेवर बंकरमध्ये कानाला यंत्र लावून पलीकडचं ऐकण्यात घालवली होती. डाव्या कानात त्यांना कायमची एक शिट्टी ऐकू यायची, तिच्यापलीकडे काही नाही. कीर्तीने उजव्या बाजूला पाट घेतला आणि सगळं सांगितलं. त्यांनी सोललेले दाणे एकीकडे केले. मग म्हणाले, "आमच्या समोर पलीकडे एक होता. मोर्सच्या खटक्यांनी संदेश पाठवायचा त्याचा हात मला पाठ होता. तिसरं टिंब तो जरा दाबून द्यायचा. चेहरा पाहिला नाही, पण हात ओळखीचा. एक दिवस हात बदलला."

"मग?"

"मग काय. नवा हात शिकलो."

"तुम्ही कधी विचारलं नाही, आपण ऐकलं त्याचं पुढे काय झालं?"

"विचारायचं नसतं बाळ. ऐकणं आपलं काम. ठरवणं वरच्यांचं."

"आणि वरचे आपल्याच ऐकण्यावरून ठरवत असतील तर?"

बाबांनी शेंग हातातच धरून ठेवली. त्यांना ऐकू गेलं नाही असं समजून ती पुन्हा विचारणार होती, तेवढ्यात ते म्हणाले, "उद्या परत कळव. रोज कळव. बंद केलं तरी कळव."

पण दुसऱ्या दिवशी ते घर नव्हतं. यादीतून त्याचा फोल्डरच गेला होता, जुन्या फाइलींसकट. तिच्या दोन तिकिटांची जागाही कोरी होती. जेवणाच्या सुटीत शेजारच्या टेबलावरच्या मधुरिमाने मोबाइल पुढे केला. मधुरिमा होळकरांच्या दफ्तरात कारकुनी केलेल्या कुटुंबातली, नुकतीच कॉलेज संपवून आलेली, हसरी पोर; तिने दीदी दीदी करत दाखवलं की बघा, तिकडचं आहे, आपल्यावाल्या देशाचं. दोन मंत्री हात मिळवत होते. खाली बातमी चालली होती, मित्रदेशाने दिलेल्या माहितीमुळे, लक्ष्याची आवाजावरून खात्री पटल्यावर हल्ला. मग एक इमारत, जिचे वरचे मजले खालच्या मजल्यांत बसले होते. कुणीतरी त्यावर गाणं लावलं होतं, तबला आणि व्हायोलिन. कीर्तीला ते गाणं नखाने खरवडून काढावंसं वाटलं. त्याच्याखाली कुठेतरी त्या जागेचा खरा आवाज असेल. पण तिने मोबाइल कानाशी धरला तरी व्हायोलिनच ऐकू आलं. ती तीच इमारत होती की दुसरी, हे डोळ्यांनी तिला कळणं शक्य नव्हतं. ते घर तिने कधी पाहिलंच नव्हतं. पूर्वेची खिडकी तिची स्वतःची होती.

त्यानंतरच्या दिवसांत शहराचं काहीतरी झालं. झालं असेल ते तिच्या कानांचं, पण तिला वाटायचं शहराचं. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत यायची आणि तिच्या मनात कुणीतरी शांतपणे म्हणायचं, यंत्रातून. शेजारच्या काकू दुधवाल्याला म्हणायच्या, "भिया, कल पानी कम मिलाना," आणि ते मनातलं कुणीतरी म्हणायचं, वक्ता हजर. बाबा न्हाणीघरात खोकले की, तोच वक्ता, हजर. सिटी बसमध्ये पुढच्या सीटवरची दोन माणसं पोहे कुठले चांगले यावर भांडत होती, आणि ती त्यांची तोंडं न बघता त्यांच्यामागची शांतता ऐकत होती. आपल्याला ऐकणारं कुणी असेल तर त्याला हे असंच ऐकू येत असणार. नुसतं घासणं, किणकिणणं, अर्थ नसलेले चढउतार. आणि तोही डबा खात असेल. बोलताना ती आता मधेच थांबायची. बाबा म्हणायचे, "काय झालं?" ती म्हणायची, "काही नाही." ते 'काही नाही'ही तिला बाहेरून ऐकू यायचं.

मग एका सकाळी, हिवाळा सरता सरता, नव्या फोल्डरची पहिली फाइल तिने उघडली आणि कापडाचं घासणं ओळखलं. बांगडी. तोच फोन. जागा मात्र मोठी, उंच छताची; शाळेचं सभागृह असावं किंवा गोदाम. पुष्कळ माणसं खोकत होती, भांडी आपटत होती, कितीतरी मुलं एकाच वेळी रडत आणि खेळत होती. आणि त्या गलक्यात, स्वच्छ, लाडात ओढलेलं, ते वाक्य. कुणीतरी पिंजरा उचलून बरोबर आणला होता. खाली पट्टी उजळली. यंत्राचं मत: तोच वक्ता, हजर. कीर्ती उठून उभी राहिली, इतकी पटकन की हेडफोनच्या वायरने कीबोर्ड खाली ओढला गेला. जिथे तो पक्षी जाईल तिथे दोन देश त्याच्या मागे जाणार होते, आणि आता त्याच्याभोवती सभागृह भरून माणसं होती.

तिने मधुरिमाला खुर्चीसकट ओढून आणलं. देवदत्तला हाक मारली. "या फाइलीला तिसरं कोण आहे?" 

"मीच आहे," देवदत्त म्हणाला. "एकजण सुटीवर आहे ना. पण असं एकत्र ऐकायला परवानगी नाहीये, कीर्तीजी."

"एकदा ऐका. मग हवं ते टाका. मी काही म्हणणार नाही."

एकच हेडफोन तिघांत फिरला. ती फाइल तिने पुढे सरकवली, कारण पुढे काय आहे ते तिने ऐकून ठेवलं होतं. सभागृहातली मुलं पिंजऱ्याभोवती जमली होती. एक मूल ते वाक्य म्हणतं, अडखळत. पक्षी म्हणतो, न अडखळता. दुसरं मूल म्हणतं. पक्षी म्हणतो. मुलं खिदळतात. मग पक्षी ते वाक्य अर्धंच म्हणून शिट्टी मारतो आणि चोचीने तारा वाजवतो, आणि सगळं सभागृहच हसल्यासारखं होतं. मधुरिमा आधी हसली. मग तिचं हसणं चेहऱ्यावरच राहून गेलं आणि आत कुणी उरलं नाही.

"दीदी," ती म्हणाली, "मी तर त्या घराला पण होय टाकलं होतं."

"मीही," कीर्ती म्हणाली.

देवदत्त हेडफोन हातात घेऊन तसाच बसला होता. कानाची पाळी लाल झाली होती. "तुमची तिकिटं मी वर पाठवली होती," तो म्हणाला. "खरंच पाठवली होती." त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. मग त्याने विचारलं, "आता काय टाकायचं? पक्षी तर नाहीच आहे यात."

"यंत्रातून," कीर्ती म्हणाली. "रेकॉर्ड वाजतंय असं. खोटं आहे, पण त्यातल्या त्यात खरं."

तिघांनी आपापल्या जागी जाऊन तेच बटण दाबलं. फाइल फेरतपासणीला परत आली. तिघांनी पुन्हा तेच दाबलं. मग ती पुन्हा आली नाही. त्यानंतर त्या सभागृहाच्या फाइली रोज येत राहिल्या आणि तिघं रोज तेच दाबत राहिले. त्याबद्दल एकमेकांशी बोलत नसत, चहालाही निरनिराळ्या वेळी जात. देवदत्तने रजेवरून परतलेल्या माणसाला दुसरं काम लावून दिलं आणि तिसरी जागा स्वतःकडेच ठेवली. कीर्तीच्या मनात नोकरी सोडायची होती. पण ती गेली तर तिच्या जागी नवा कान येईल, तो प्रामाणिकपणे ऐकेल आणि होय म्हणेल. शिवाय फाइल आली म्हणजे सभागृह आहे. रोज सकाळी यादी उघडेपर्यंत तिचे तळहात थंड असायचे. खोकले, भांडी, रडणं ऐकू आलं की ते ऊब धरायचे. ऐकणं थांबलं तर ती माणसं आहेत हे तिला कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता, आणि ऐकणं चालू आहे तोवर त्यांच्यावरचा धोकाही चालूच होता. हे दोन्ही एकच होतं.

त्या मुलांत ती एक मूल शोधत होती. फरशीवर गोल काहीतरी सोडून पळणारं, पक्षी बोलला की एका विशिष्ट तऱ्हेने, आधी श्वास आत ओढून, मग हसणारं. जुन्या फाइली गेल्या होत्या, पण ते हसू तिच्या कानात होतं. सभागृहातलं प्रत्येक हसू ती थांबवून, मागे नेऊन, पुन्हा ऐकायची. हेच का? नाही. हे? नाही. मुलं खूप होती. पक्षी बोलायचा तेव्हा सगळी हसायची. बाई आता त्याला उत्तर देत नव्हती. घरात रागावून का होईना, हुंकाराने का होईना, ती उत्तर द्यायची. इथे ते वाक्य आलं की फोनजवळ फक्त कापड घासायचं, जसं कुणी गुडघे जवळ ओढून घेतं. कीर्तीने ते मूल शोधणं सोडलं नाही, पण शोधताना ती आता आधीच 'नाही' म्हणायची आणि मग ऐकायची.

आणि मग ती फाइल आली. सभागृह नव्हतं. बस किंवा ट्रक, इंजिनाची घरघर, सामान ओढल्याचा आवाज, खूप माणसांच्या हाका. पक्षी गप्प होता. पिंजऱ्यावर कापड टाकलं असेल. इंजिन दूर गेलं. म्हणजे ते गेलं आणि फोन मागे राहिला. पावलं, खडीवरून. वारा. पाणी, वाहतं, कुठेतरी खाली. मग कापडातून फोन बाहेर निघाला, आवाज एकदम उघडा झाला आणि बाईचा श्वास इतका जवळ आला की कीर्तीने मागे वळून पाहिलं. मागे मधुरिमा पाठमोरी काम करत होती. एसीचा गार झोत. बाईने एक वाक्य म्हटलं. पक्ष्याचं नाही, दुसरंच. सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवत, परक्या माणसाशी बोलावं तसं. मग ती थांबली. तिच्या थांबण्यात वारा होता, पाणी होतं, आणि कुणीतरी कान देऊन उभं होतं. बाईने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी थोडं हळू. पुन्हा थांबली. मग हवेचा एक लांब सर्र आवाज, एक थप्प, बुडबुडे. त्यानंतर काही नाही. फाइल बरीच शिल्लक होती आणि ती शेवटपर्यंत नुसतीच चालत राहिली. खाली प्रश्न उजळला, तोच वक्ता आहे का? तिने नाही दाबलं. ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी फोल्डर बंद झाला.

संध्याकाळी घरी येताना बसमध्ये तिने मोबाइलवर भाषांतराचं ते अॅप उघडलं, ज्यात बोललं की कुठलीही भाषा आपल्या भाषेत होऊन येते. स्क्रीनवर आलं, मायक्रोफोन वापरू द्यायचा का? तिचा अंगठा काचेवर तरंगत राहिला. मग तिने नको दाबलं आणि मोबाइल बंद करून पिशवीच्या तळाशी, डब्याखाली घातला.

बाबा बातम्या बघत होते. तिने टीव्ही बंद केला, त्यांचाही मोबाइल उचलून आतल्या खोलीत उशीखाली ठेवला आणि दार ओढून घेतलं. ती त्यांच्या उजव्या बाजूला बसली, डोळे मिटले आणि ते वाक्य म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज त्यात कुठेच नव्हता. ओठ जिथे मिटायचे तिथे मिटले, घसा जिथे दाटायचा तिथे दाटला. एका परक्या बाईचा आवाज जुन्या इंदूरच्या त्या खोलीत उमटला आणि भिंतीशी जाऊन थांबला.

"परत," बाबा म्हणाले.

ती परत म्हणाली, थोडं हळू.

"भाषा माझ्या ऐकण्यातली नाही." त्यांनी हात कानामागे धरला होता, तो तसाच होता. "म्हणून झाल्यावर ती थांबली?"

"हो. दोन्ही वेळेला. मग फोन पाण्यात टाकला."

आनंदरावांनी ते वाक्य शब्दांशिवाय, नुसत्या चढउतारांत गुणगुणून पाहिलं. बाहेर कुणाचीतरी स्कूटर सुरू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किक मारली जात होती.

"शिवी देणारा माणूस थांबत नाही," ते म्हणाले. "आणि शेवटचा शब्द वर गेलाय, खाली नाही आला. प्रश्न आहे तो, कीर्ती. तिने तुला काहीतरी विचारलं."